केळीच्या चिकाची झोळी

सुपडूनानांवर काही लिहा, असं भडगावच्या लोकांनी मला अनेकदा सांगितलं. "सर, तुम्ही भिंतीला भिंत लावून राहिलात, तुमच्याइतकं कोणाला माहीत?" दर वेळी मी डोळ्यांचं कारण पुढे केलं. आधी मोतीबिंदू सांगितला. तो काढून झाल्यावर चष्म्याचा नंबर सांगितला. डोळे माझे ठणठणीत आहेत. अडचण वेगळी होती. नानांचं खरं सांगायचं तर माझंही खरं सांगावं लागतं, आणि ते मी नऊ वर्षं टाळलं. आता मी पंचाहत्तरीला टेकलोय, धुळ्याला देवपुरात मुलाकडे राहतो, आणि ज्यांना भ्यावं अशी माणसं फारशी उरलेली नाहीत. एक कुसुम आहे, माझी बायको. तीही हे वाचेल. त्या दिवशी मी बाहेर जेवेन.

तर नाना. रोज सकाळी सातला ते गिरणा नदीच्या रस्त्याने फिरायला निघत, तेव्हा त्यांच्या पाठीवर झोळीत बांधलेलं पाच किलोचं गंगाफळ असे. लाल भोपळ्याला आमच्याकडे गंगाफळ म्हणतात. ते कापडात असं गुंडाळलेलं असे की नवख्या माणसाला तान्हं मूलच वाटावं. सत्तरी ओलांडलेला माणूस, डोक्याला टोपी, अंगात बिनबाह्यांची बंडी, आणि पाठीवर गंगाफळ. कोणी मोटारसायकलचा हॉर्न वाजवला तर नाना ओठांवर बोट ठेवत. "हळू, झोपेल शे." आमच्या शाळेत नव्याने आलेल्या एका बाईंनी त्यांना रस्त्यात थांबवून कौतुकाने विचारलं, "मुलगा की मुलगी?" नाना गंभीरपणे म्हणाले, "आजून ठरेल नही, बाई. पुढला महिनामां समजी."

ही त्यांच्या झोळीची परीक्षा असे. नाना लेकरांसाठी झोळ्या रंगवत. घरात टांगायच्या नव्हे, अंगावर बांधून मूल घेऊन फिरायच्या. रंगवलेली प्रत्येक झोळी आधी आठ दिवस ते स्वतः वापरत. कापड उघड्या खांद्याला, मानेला घासलं पाहिजे, घामाने भिजलं पाहिजे. आठ दिवसांत कुठे खाज आली नाही, तर झोळी पास. मग गंगाफळाची भाजी होई आणि झोळी ज्या घरची, त्या घरी जाई.

रंग कशाचा, तर केळीच्या चिकाचा. नानांची उमर केळीच्या बागांत गेली. घड कापला की दांड्यातून चीक गळतो. अंगावर पडतो तेव्हा पाण्यासारखा असतो, काही वाटत नाही. वाळला की तपकिरी होतो, आणि मग तो डाग कापडाबरोबरच जातो. केळी कापणारा माणूस आमच्याकडे सदऱ्यावरून ओळखू येतो. घरोघरच्या बायका त्या डागांना शिव्या देतात. नानांनी एकट्याने डागाची बाजू घेतली होती. "बठ्ठा साबनवाला हारी गयात," सगळे साबणवाले हरले, असं ते म्हणत. "मंग हाऊ रंग पक्का शे का नही?"

अंगणात त्यांचे माठ आणि कढया मांडलेल्या असत. माठात भिजवलेलं कापड मधाच्या रंगाचं होई, लोखंडी कढईतलं काळपट. कापडात ज्वारीचे दाणे धरून ते केळीच्या खोडाच्या वाळक्या सालीने गच्च बांधायचे. रंगवून सोडलं की प्रत्येक दाण्याभोवती पांढरं कडं उमटे. उरलेल्या तुकड्यांची टोपडी आणि दुपटी होत. नानांची बायको फार पूर्वी वारली होती, मूलबाळ नव्हतं. त्यामुळे अंगणभर वाळत घातलेली ती टोपडी पाहून परका माणूस गोंधळून जाई. एवढी लेकरं आहेत तरी कुठे?

नाना नवं कापड घेत नसत. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने नेसून, धुऊन मऊ झालेलं धोतर किंवा सुती लुगडंच हवं. एकीने आजेसासूची म्हणून नायलॉनची साडी आणली. नानांनी ती दोन बोटांत धरून परत दिली. "हाई कापड नही, बाई. हाई पिशवी शे." आणि झोळी पहिल्यांदा बांधायची ती आजोबाने, हाही नियम. का, म्हणून मी विचारलं. नाना म्हणाले, बायकांचे हात लेकराला घाबरत नाहीत, गड्यांचे घाबरतात. घाबरणाऱ्याला आधी शिकवावं.

नाना स्वतः झोळीत वाढले. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून जन्मल्याबरोबर आईने त्यांना सुपात घातलं आणि नाव ठेवलं सुपडू. मग पाठीला बांधून तिने केळीच्या बागांत कामं केली. "माय घड उचले, चीक मना आंगवर गये," ते सांगत. "दखा, काही व्हयनं का?" असं म्हणून हात पसरून दाखवत. त्यांचा सगळ्या वादांवरचा निकाल एकच असे: "आंगले इचारा." कोणतं औषध घ्यावं? आंगले इचारा. पंखा तीनवर ठेवावा की चारवर? आंगले इचारा. एकदा निवडणुकीत कोणाला मत द्यावं यावर ओट्यावर भांडण पेटलं, तेव्हाही नानांनी हेच सांगितलं आणि दोन्ही पार्ट्या गप्प झाल्या.

आता माझ्याकडे येतो. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर शिकवायला कोणी उरलं नाही, तेव्हा मी भिंतीवरून नानांना शिकवू लागलो. "नाना, चिकात टॅनिन असतं. लोखंडाशी त्याची अभिक्रिया होते म्हणून कढईत काळं येतं." नाना कापड पिळता पिळता ऐकत. माझं झालं की विचारत, "आनी हाई त्याले समजस का मास्तर, तेनं नाव टॅनिन शे?" कुसुम स्वयंपाकघरात हसे. चाळीस वर्षं मी फळ्यासमोर बोललो, एवढा नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता.

तर आमच्या मंजूला मुलगी झाली. मंजू बाळंतपणाला आमच्याकडेच होती, सासर जळगावचं. बारसं भडगावला ठरलं. कुसुमने ट्रंकेतून तिची जुनी, फिकी पडलेली सुती साडी काढली आणि नानांना नेऊन दिली. नानांनी ती गालाला लावली. "हाई बेस. हाई कितला साल नेसनी तू, अक्का?"

"मंजू पोटात होती तेव्हापासून," कुसुम म्हणाली.

साडी माठात पडली आणि माझं शिक्षण सुरू झालं. आजोबा मी, झोळी मी बांधायची. सराव अर्थातच गंगाफळावर. एक टोक खांद्यावरून, दुसरं काखेतून, गाठ छातीच्या बाजूला. नाना म्हणाले, "आते चाला." मी चाललो. चौथ्या पावलाला गाठ सुटली आणि गंगाफळ ओट्यावरून अंगणात पडून फुटलं.

"पडलं का नातवंड?" आतून कुसुमचा आवाज आला.

नाना तुकडे गोळा करत म्हणाले, "एक गयं. आखो एक आना, मास्तर." तीन गंगाफळं गेली. आठवडाभर आमच्याकडे भाजी, भरीत आणि घारगे चालू होते. चौथं मी गिरणेपर्यंत नेऊन परत आणलं. नानांनी माझ्या पाठीवर थाप मारली. कोणत्याही परीक्षेत पास झाल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नाही.

झोळी तयार झाली, नानांच्या खांद्यावर आठ दिवस फिरली, पास झाली. फिका मधाळ रंग, त्यात पांढरी कडी. नानांनी ती कालव्याच्या वाहत्या पाण्यात सात वेळा खळबळून, सावलीत वाळवून, घडी करून दिली. इथे मी गप्प बसलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता.

बारशाच्या दोन दिवस आधी विहीणबाईंचा फोन आला. "आपण सगळं पिस्ता कलरमध्ये ठेवलंय हं. फुगे, पडदे, पाळणा, सगळं." मी झोळी उलगडून पाहिली. काल सुंदर दिसणारा रंग आज मला मळका वाटू लागला. मला दिसू लागले जळगावचे पाहुणे, त्यांचे मोबाइल, फोटो, आणि फोटोत पिस्ता रंगाच्या मधोमध मी, छातीला एक न धुतलेलं फडकं बांधून. आणि माझ्यातला रसायनशास्त्राचा शिक्षक जागा झाला. टॅनिन अधिक ताम्रक्षार बरोबर हिरवट छटा. ताम्रक्षार म्हणजे मोरचूद. बागांवर फवारायला लागतं म्हणून आमच्या गावात ते कुठेही मिळतं.

दुपारी कुसुम झोपली असताना मी बाथरूममध्ये बादलीत मोरचूद विरघळवलं. किती घ्यायचं हे अंदाजाने ठरवलं. विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी त्याला प्रयोगशाळेच्या बाहेर काढलं असतं. झोळी बुडवली. हिरवी झाली खरी, पण पिस्ता नव्हे. आजारी पोपटाचा रंग आला. आता ती नानांसारखी सात पाण्यांतून काढायला हवी होती. पण नळाला पाणी चार दिवसांआड येई आणि टाकीत तळ दिसत होता. पाहुणे यायचे होते. मी दोन तांब्यांत काम भागवलं आणि गच्चीवर उन्हात टाकून दिली.

बारशाच्या दिवशी नातीला पाळण्यात घातलं, ओवी नाव ठेवलं, आणि मग मी तिला झोळीत घेतलं. गाठ सुटली नाही. ऊन असं होतं की मांडवातही घामाच्या धारा लागल्या होत्या. मी तासभर तिला मिरवलं. विहीणबाई म्हणाल्या, "अय्या, मॅचिंग झालं की!" मी नम्रपणे मान झुकवली. मांडवाच्या कडेला नाना उभे होते, धुतलेल्या धोतरात. ते जवळ आले, झोळीच्या काठाला हात लावला.

"मास्तर, हिरवा कसा व्हयना?"

"ऊन लागलं असेल, नाना."

"ऊनमां त रंग काया पडस," ते म्हणाले. पण मी ओवीला थोपटू लागलो, तशी त्यांनी मान हलवली आणि पंगत वाढायला गेले.

संध्याकाळी ओवीच्या पाठीवर आणि मांड्यांवर लाल पुरळ उठलं. पोर रडून रडून निळी झाली. डॉक्टर म्हणाले, कापडातलं काहीतरी बाधलंय; कापड बंद करा, मलम लावा, चार दिवसांत जाईल. चार दिवसांत गेलंही. पण त्या संध्याकाळी घरात सगळे माझ्याकडे पाहत होते. जावईबापू हातात ती झोळी धरून उभे होते. विहीणबाईंनी विचारलं, "कोणी रंगवलं हे?"

मी म्हणालो, "शेजारच्या नानांनी. केळीच्या चिकाने. मी त्यांना किती वेळा सांगितलं होतं, पण…"

पुढचं वाक्य मी पूर्ण केलं नाही. पूर्ण करायला काही नव्हतंच. तेवढ्यावर काम झालं.

सगळे पांगल्यावर कुसुमने हळूच विचारलं, "तुम्ही काही केलं नाहीत ना?"

"मी? मी काय करणार?" मी म्हणालो. गुन्हेगाराला खोटं बोलायला फार विचार करावा लागत असेल असं मला वाटे. लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आले. टोपी हातात. घरात सगळे होते. "झोयी दखाडा," ते म्हणाले. मंजूने दिली. नानांनी तिचं टोक जिभेला लावलं. बागेत औषध फवारताना पंपाचं तोंड तुंबलं की ते तोंडाने फुंकून साफ करणारी ही माणसं. मोरचुदाची चव त्यांना कोणी सांगावी लागत नाही. नानांनी टोक तोंडातून काढलं. माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

"काय आहे नाना?" जावईबापूंनी जरा चढ्या आवाजात विचारलं.

"चीकच शे," नाना म्हणाले. "मनी चूक. पानी कमी पडनं व्हई."

विहीणबाई पुष्कळ काही बोलल्या. तान्ह्या लेकराचं अंग, गावठी उद्योग, कोणी सांगितलं होतं म्हणून. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि झोळी काखेत मारून निघाले. मी फाटकापर्यंत गेलो. म्हणजे पाय गेले, त्यांच्यामागे मी गेलो.

"नाना," मी म्हणालो.

नाना फाटकाची कडी लावत म्हणाले, "मास्तर, तुम्हले जावाईना घर जानं-येनं शे. माले कोना घर जानं शे?"

आणि गेले. मला जन्मभर जावयाच्या दारात ताठ मानेने जाता यावं म्हणून त्यांनी स्वतःची मान खाली केली होती, आणि कारण एवढंच सांगितलं की, आपल्याला कोणाच्याच दारात जायचं नाही.

भडगाव काही मोठं नाही. चार दिवसांत सगळीकडे झालं: सरांच्या नातीला नानांच्या झोळीने अंगभर फोड आले. सर म्हणाले म्हटल्यावर शंका कोण घेणार? मी रसायनशास्त्राचा माणूस. घराघरातून झोळ्या परत येऊ लागल्या. कोणी भांडलं नाही. बायका घडी करून नानांच्या फाटकावर ठेवत आणि भराभर निघून जात. अकरा झोळ्या परत आल्या. मी खिडकीतून मोजल्या; दुसरं काही करण्याची हिंमत नव्हती म्हणून. नानांनी माठ पालथे घातले. सकाळी फिरायला जात, पण रिकाम्या पाठीने.

माफी मागायचा प्रयत्न मी केला नाही असं नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा नानांनी विचारलं, "काय जोयजे मास्तर?" मी म्हणालो, "कढीपत्ता." आमच्या परसात कढीपत्त्याचं झाड आहे, हे त्यांना भिंतीवरून दिसत होतं. तरी त्यांनी मूठभर तोडून दिला. दुसऱ्यांदा दसऱ्याला. हातात आपट्याची पानं, समोर नाना, पाया पडायला वाकलेला मी. याहून सोपी जागा मिळत नाही. वाकलो, उठलो, "सोन्यासारखे राहा," म्हणालो आणि घरी आलो. मग आरशासमोर तयारी सुरू केली. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान, असे मुद्दे काढले. अनुमानापर्यंत दर वेळी उत्तम जमे. आरशात नाना नसत, म्हणून.

शेवटी मुलाने देवपूरला बोलावलं आणि आम्ही आलो. लोकांना सांगितलं, तब्येतीसाठी. खरं तर ती भिंत मला सोसवत नव्हती.

दोन वर्षांपूर्वी कळलं, नाना अंथरुणाला खिळलेत. मी एकटाच बसने भडगावला गेलो. दार उघडंच होतं. नाना खाटेवर होते, फार बारीक झालेले. अंगाखाली एक मोठी गोधडी होती, तपकिरी, काळपट, मधाळ अशा चौकोनांची. प्रत्येक चौकोनात पांढरी कडी. ती कशाची, हे ओळखायला मला वेळ लागला नाही. परत आलेल्या झोळ्या त्यांनी फाडून, जोडून अंथरल्या होत्या. गावाने नाकारलेल्या सगळ्या झोळ्यांवर एकटे झोपत होते.

"मास्तर?"

"हो, नाना."

"बठा. पोर कशी शे?"

"चांगली आहे."

"शायमां जास?"

"दुसरीत आहे."

नानांनी हात थोडा उचलून, काळजीने, जणू पुरळ काल उठलं होतं असं विचारलं, "आंगवर काही ऱ्हायनं नही ना?"

"नाही नाना. काही राहिलं नाही."

"मंग बेस," ते म्हणाले आणि डोळे मिटले. चेहऱ्यावर असं समाधान होतं की, पोरीला बाधलं ते खरोखर त्यांच्याच हातून, असं कोणालाही वाटलं असतं. वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. आरशासमोर घोटलेलं, मुद्देसूद. खोलीत आम्ही दोघंच होतो. जावई नाही, विहीण नाही, कुसुमही नाही. मी घसा साफ केला. नानांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि वाट पाहू लागले.

मी म्हणालो, "नाना, मला चारची गाडी गाठायची आहे."

"जा बरं," ते म्हणाले. "गर्दी ऱ्हास."

वीस दिवसांनी ते गेले.

वाक्य मोठं नव्हतं. उद्देश, साहित्य वगैरे काही लागणार नव्हतं. एवढंच म्हणायचं होतं: नाना, मोरचूद मी घातलं होतं. तुमचा चीक चांगला होता.